हेल्मेट रंगवायचंय, पण कोणतं?

४ ते १० मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह असतो आणि ८ मार्चचा महिला दिन नेमका त्यातच येतो. तो मुहूर्त साधून आपल्या भागातल्या वेल्डर, गवंडी, वायरमन, फिटर बायांच्या नावानं सजवलेली हेल्मेटं आणि इतर सुरक्षा-साधनं गावात मांडावीत, असं गेल्या अंकात सुचवलं होतं. त्यावर वर्धा, यवतमाळ, भंडारा, चंद्रपूर, वाशीम, गडचिरोली, नागपूरकडून पत्रं आली. बऱ्याच पत्रांत रोज डोक्यावर घालायचं हेल्मेटच रंगवायला घेतलेलं दिसलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सुरक्षा-साधनं आणि रंगकाम या दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

आमच्या गावच्या तीन पोरी आयटीआयमंदी वेल्डिंग अन् वायरिंग शिकून राहिल्या. हेल्मेटवर स्प्रेनं मस्त फुलं काढली होती, तं सरायनं कामावर घालू देलं नाही. रंगानं असं काय होते जी? थिनरनं पुसून काढला तं चालन काय?
(एक पालक, आर्वी तालुका)

दादा, सरांचं बरोबर आहे. आणि थिनर तर अजिबात लावू नका.

कारखान्याचं हेल्मेट साधारण दोन जातींच्या प्लॅस्टिकचं असतं. स्वस्तातली बहुतेक हेल्मेटं एचडीपीईची, म्हणजे पाण्याच्या ड्रमाच्या जातीच्या प्लॅस्टिकची. थोडी महाग, चकचकीत असतात ती एबीएसची. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पीई’ किंवा ‘एबीएस’ ठशात उमटवलेलं असतं. एबीएसवर स्प्रेमधलं किंवा थिनरमधलं अ‍ॅसिटोन, टोल्युइन पडलं की प्लॅस्टिक वरून विरघळतं आणि आत केसासारख्या तडा जातात. त्या रंगाखाली झाकल्या जातात. वरून पाना पडला की हेल्मेटनं दणका जिरवायचा असतो, ते त्या तडेवरच फुटतं. एचडीपीईला थिनरचा इतका तडाखा बसत नाही, पण त्यावर रंगही धरत नाही, आठवड्यात पापुद्रे निघतात. शिवाय रंगानं झाकलेलं टोपलं, म्हणजे हेल्मेटचं वरचं कवच, दर सकाळी तपासणार कसं? चीर, खड्डा, उन्हानं आलेला पांढुरकेपणा, काहीच दिसत नाही.

स्प्रे मारलेली ती तीन हेल्मेटं आता कामाला वापरू नका. प्रदर्शनात ठेवा आणि मुलींना आयएस २९२५ (कारखान्याच्या हेल्मेटाचं भारतीय मानक) चा आयएसआय शिक्का असलेली नवी घेऊन द्या. नव्यावर हौस करायची असेल तर एकच वाट आहे: स्वतःचा गोंद असलेलं साधं विनाइल स्टिकर. नंबर प्लेट करणारा रेडियमवाला ते हवं तसं कापून देतो. हेल्मेट साबणाच्या पाण्यानं धुवा, पुसून कोरडं करा, मग चिकटवा. तळहाताएवढी दोन स्टिकरं पुरेत. कडेपासून २० मिलिमीटर जागा सोडा, स्टिकर कडेवरून आत वळवू नका, आयएसआय शिक्का आणि तारखेचा ठसा झाकू नका. रबर सोल्युशन, पंक्चरचा गोंद यांत तेच थिनरचे भाऊबंद असतात, ते लावू नका. फेविक्विकही नको. आणि वायरिंगवाल्या मुलीच्या हेल्मेटवर चमकणारं रेडियम नको. त्यातल्या काही जातींत धातूचा थर असतो. तिला साधं रंगीत विनाइलच द्या.

भोक पाडून काही बसवणं, टाचणी, स्टेपल, धातूच्या टिकल्या हे कोणाच्याच कामाच्या हेल्मेटवर चालत नाही.

प्रदर्शनासाठी जुनी हेल्मेटं कुठून आणायची? आणि ती खरंच निकामी झालीत हे कसं ओळखायचं?
(महिला बचत गट, घाटंजी)

जिनिंग, राइस मिल, डाळ मिल, रस्त्याचे आणि इमारतीचे ठेकेदार, वीज उपकेंद्रं, खाणीची स्टोअर यांच्याकडे अशी हेल्मेटं कोपऱ्यात पडलेली असतात. स्टोअरकीपरकडून चिठ्ठीवर लिहून घ्या की ही वापरातून काढलेली आहेत. पुढे गोंधळ होत नाही.

ओळखायचं असं. हेल्मेट उलटं करा. पुढच्या चोचीच्या खालच्या बाजूला घड्याळासारखं एक गोल चिन्ह असतं. कडेनं १ ते १२ आकडे म्हणजे महिने, मधला बाण बनवल्याचा महिना दाखवतो, बाणाच्या दोन बाजूंचे आकडे मिळून वर्ष. बहुतेक कंपन्या वापर सुरू झाल्यापासून ३ ते ५ वर्षं सांगतात, आतल्या पट्ट्या साधारण वर्षाला बदलायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि हेल्मेट टिनावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दिवसभर पडलेलं असतं. अशा उन्हात प्लॅस्टिक तारखेच्या आधीच मरतं. चमक जाते, नखानं खरवडलं की पांढरी भुकटी निघते. दोन्ही बाजूंनी तळहातांनी इंचभर दाबा आणि सोडा. चांगलं असेल तर लगेच मूळ आकारावर येतं. करकर आवाज आला किंवा दाबलेलं तसंच राहिलं तर ते संपलं. ज्यावर एकदा काही जोरात पडलं आहे, ते वरून धड दिसलं तरी निकामीच समजायचं.

रंगकामाच्या आधी एक काम विसरू नका. आतल्या पट्ट्यांची जाळी कात्रीनं कापून काढा आणि आत मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहा: ‘फक्त मांडणीसाठी’. प्रदर्शन संपल्यावर असं सुंदर हेल्मेट कोणाच्या तरी हातून पुन्हा साइटवर जातं. जाळीच नसेल तर ते डोक्यावर बसणारच नाही.

रंग टिकत नाही. चार दिवसांत सालपट निघतं. नीट पद्धत आणि प्रमाण सांगा.
(कलाशिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, लाखनी)

ताई, सालपट निघण्याची दोन कारणं. एक, एचडीपीई स्वभावतःच कशालाही चिकटू देत नाही. दुसरं कारण कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे डोक्याचं तेल. वर्षानुवर्षं घाम आणि खोबरेल कडेला मुरलेलं असतं. भांडी धुण्याच्या साबणानं काथ्या लावून दोनदा धुवा. 

मग ३२० नंबरचा आणि त्यानंतर ४०० चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून सगळीकडून घासा. खरखरीत ८० नंबरचा घेतला तर या प्लॅस्टिकला लव सुटते आणि ती रंगातून वर दिसते. घासकामाचं पाणी बादलीत धरून फडक्यातून गाळा. प्लॅस्टिकचा चुरा नालीत किंवा वावरात जाऊ देऊ नका. वाळल्यावर दुचाकीचे प्लॅस्टिकचे भाग रंगवणाऱ्याकडे मिळतो तो पीपी प्रायमर एक पातळ हात, त्यावर डब्यावर सांगितलेल्या वेळात गाडीचा पांढरा किंवा करडा प्रायमर एक हात. हे काम मोठ्यांनी, उघड्यावर, विडी-काडीपासून लांब करायचं. मुलांना दुसऱ्या दिवशी बोलवा.

पुढचं सगळं पाण्याच्या रंगात. हेल्मेटचा बाहेरचा पृष्ठभाग सव्वा चौरस फुटाच्या आसपास भरतो. बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन एका हाताला १० ते १२ मिलिलिटर लागतो. दोन हात आणि ब्रशला लागलेलं धरून हेल्मेटमागे ४० मिलिलिटर पकडा. म्हणजे एक लिटरच्या डब्यात २५ हेल्मेटं होतात. लोक चार-चार लिटर आणून ठेवतात. रंगात दहावा हिस्सा पाणी घाला. एक हात आणि दुसरा हात यांच्यामध्ये ४ तास जाऊ द्या. उन्हात वरची साय अर्ध्या तासात वाळते, आतला रंग ओला राहतो आणि घाईनं दुसरा हात मारला की पृष्ठभागाला भेगा पडतात. म्हणून सकाळी दहाच्या आत, सावलीत काम उरका. जिनिंगजवळच्या शाळांनी खिडक्या बंद ठेवाव्यात. उडणारी रुई ओल्या रंगावर बसली की पुन्हा घासण्याशिवाय इलाज नसतो. नक्षी अ‍ॅक्रिलिक ट्यूबनं काढा आणि शेवटी पाण्याचं अ‍ॅक्रिलिक वॉर्निश दोन पातळ हात.

सगळी रंगवण्याआधी एकावर परीक्षा घ्या. प्रायमर आणि पांढरा हात देऊन २४ तास ठेवा. मागच्या बाजूला ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या सहा रेघा ओढा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकटी टेपबरोबर आल्या तर धुण्यात किंवा घासण्यात कसर राहिली आहे.

प्रायमर मिळत नसेल तर दुसरी पद्धत आहे, आणि खरं सांगायचं तर आम्हाला तीच जास्त आवडते. आपल्या कापसाच्या भागाला ती शोभतेही. जुन्या धोतराचं किंवा पातळ सुती लुगड्याचं कापड घ्या, ३ ते ४ सेंटिमीटर रुंद आणि वीतभर लांब पट्ट्या फाडा. कापू नका, फाडा. फाडलेल्या कडेचे दोरे एकमेकांत बसतात, जोड दिसत नाही. दोन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी घाला. पट्ट्या त्यात भिजवून, दोन बोटांत निथळून, माथ्यापासून कडेकडे लावत या आणि प्रत्येक पट्टी कडेवरून २ ते ३ सेंटिमीटर आत वळवा. यात कापड प्लॅस्टिकला चिकटावं लागतच नाही. ते हेल्मेटला आवळून बसतं, म्हणून सुटत नाही. दुसरा थर आडवा. एका हेल्मेटला अर्धा मीटर कापड आणि १०० ग्रॅम फेविकॉल पुरतं. रात्रभर वाळू द्या, पांढऱ्या इमल्शनचे दोन हात द्या, कॅनव्हास तयार.

पॉलिस्टर मिसळीचं कापड फुगतं, फोड येतात. पाणी जास्त झालं तर पट्ट्या खाली घसरतात. फेविकॉलऐवजी पिठाची खळ वापरू नका. पावसाळ्यात बुरशी येते आणि कसर लागते.

गोल घुमटावर चित्र वाकडंच येतं. कागदावरची नक्षी बसत नाही.
(इयत्ता नववीच्या मुली, मंगरुळपीर)

मुलींनो, कागद घुमटावर बसत नाही, सुरकुततोच. तुम्हाला ठिपक्यांची रांगोळी येते ना, तीच इथे वापरायची. चोचीच्या मध्यापासून मागच्या मध्यापर्यंत दोरा ताणा, दुसरा एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे. दोरे भेटतात तो माथा. दोऱ्याकाठी खडूच्या पेन्सिलीनं रेघा ओढा, चार फाका झाल्या. माथ्यापासून दर ३ सेंटिमीटरवर ठिपके द्या. खाली जाताना फाक रुंद होते, त्यामुळे प्रत्येक ओळीत ठिपके वाढवायचे. वर ३, मग ५, मग ७ असे. आता ठिपके जोडत नक्षी काढा, ती घुमटाबरोबर आपोआप फुलते. माथ्यावर बहुतेक हेल्मेटांना उंचवट्याच्या धारा असतात. त्यांच्यावर चेहरा काढू नका, नाक मोडल्यासारखं दिसतं. पानाचा देठ, तुराटी, विजेची तार असं उभं काही त्या धारेवर काढा.

नक्षी कोणती काढावी? आमच्या गटात सगळ्या वारली काढू म्हणतात.
(अंगणवाडी सेविका, कुरखेडा)

वारली सुंदर आहे, पण ती पालघर-डहाणूकडची. तिथल्या बायांनी लग्नाच्या भिंतीवर जपलेली. आपल्याकडं आपलं भरपूर आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदीबैल आणि त्यांच्या झुलीवरची नक्षी, भुलाबाईची मांडणी, उमललेलं कापसाचं बोंड, फाल्गुनातला पळस, सागाचं पान, मोहाची फुलं. प्रदर्शनाच्या दिवसांत पळस बाहेर पेटलेलाच असतो, त्याचा केशरी रंग बघून मिसळता येतो.

पण या प्रदर्शनाचा जीव फुलापानांत नाही, हत्यारांत आहे. बाईच्या हातात हत्यार चुकीचं दाखवलं तर तिच्या कामाचा मान राहत नाही, आणि काम जाणणारा माणूस ते पहिल्या नजरेत ओळखतो. नेहमी दिसणाऱ्या चुका सांगतो. वेल्डर बाई काच वर करून ठिणग्यांकडे बघताना काढतात. काच खालीच हवी, हात चामड्याच्या मोज्यात हवेत, होल्डरमधली कांडी (इलेक्ट्रोड) थोडी कललेली हवी आणि जॉबला, म्हणजे काम चाललेल्या तुकड्याला, अर्थिंगचा क्लॅम्प लावलेला दिसायला हवा. गवंडी बाईच्या हातात नुसती घमेली देतात. घमेली रेजा, म्हणजे मजूरबाई, वाहते, गवंडीण थापी, ओळंबा आणि पाणपातळी वापरते. तो फरक तिनं कष्टानं मिळवलेला असतो, तो चित्रात दिसलाच पाहिजे. फिटरची कानस दोन्ही हातांनी धरलेली हवी, एक हात मुठीवर, दुसरा टोकावर, आणि जॉब वाइसमध्ये. लाइनवर चढणारीच्या कमरेला पट्टा आणि जवळ डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेत उरलेला करंट जमिनीत सोडायची काठी.

आयटीआयच्या या धंद्यांना मराठी नावं आहेत: वेल्डर म्हणजे संधाता, फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, वायरमन म्हणजे तारतंत्री, इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री. मांडणीतल्या हेल्मेटाशेजारच्या चिठ्ठीवर ती लिहायला हरकत नाही, पण खाली रोजच्या बोलण्यातलं नावही द्या.

कच्चं चित्र पेन्सिलीत असतानाच त्या बाईला दाखवा. ती बोट ठेवेल तिथं दुरुस्ती करा, मगच रंग. तिचं नाव, गाव, काम किती वर्षांचं हे लिहायचं तर तिला विचारून.

माहितीफलकावर लिहायला हेल्मेटचा थोडा इतिहास द्याल का?
(ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय, तुमसर)

१९१९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत एडवर्ड बुलार्ड यांनी खाणकामगारांसाठी ‘हार्ड बॉइल्ड हॅट’ काढली. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या पोलादी टोपावरून ती सुचली होती. वाफवलेलं कॅनव्हास, गोंद आणि काळा रंग असा तिचा माल. तिथल्याच गोल्डन गेट पुलाचं काम १९३३ मध्ये सुरू झालं, तेव्हा साइटवर टोपी सक्तीची होती. आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, म्हणून सप्ताह त्या तारखेला सुरू होतो.

तुमच्या तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत, तेव्हा आणखी एक ओळ फलकावर जरूर घ्या. १९५२ च्या खाण कायद्याच्या ४६ व्या कलमानं बायांना जमिनीखालच्या कामाला बंदी होती. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनं तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी अटींसह ती वाट मोकळी झाली.

वेल्डिंगचं हेल्मेट आणि हातढाल सजवता येईल का?
(वेल्डिंग वर्कशॉप चालवणारी, वरोरा)

ताई, तुमचं रोजचं हेल्मेट आपोआप काळं होणाऱ्या काचेचं असेल तर काचेच्या चौकटीपासून लांब राहा. चौकटीत एक सोलर पट्टी आणि दोन ते चार बारीक सेन्सर असतात. स्टिकरची कड त्यावर आली की आर्क पेटल्यावर काच काळी होत नाही किंवा मधूनच उघडते, आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. आतली बाजू कधीही रंगवू नका. ती मुद्दाम मंद काळी असते. तिथं चकाकी आली तर मागून शिरलेला उजेड परतून डोळ्यांवर पडतो. बाहेर कानाच्या वरच्या भागात एखादं लहान स्टिकर चालेल. छताकडे तोंड करून वेल्डिंग करत असाल तर तेही नको, ठिणगी त्यावर बसून ते पेटतं. गोटा, लोकर, लटकन, कापड यांचा तर विचारच नको.

मांडणीसाठी मोडकी ढाल चालेल. लाल किंवा काळ्या फायबरची असेल तर धुवायला पाण्यात बुडवू नका. काही फायबर पाणी पितं आणि फुगून वाकडं होतं. ओल्या फडक्यानं पुसा. आणि काळी काच काढून घ्या, जागेवर काळा रंगवलेला पुठ्ठा बसवा. प्रदर्शनात पोरं ती काच काढून सूर्याकडे बघतात. ३.१५ मिलिमीटरच्या कांडीला ९० ते १३० अँपिअरवर आपण १० किंवा ११ नंबरची काच वापरतो. ती सूर्यासाठी पुरत नाही.

वायरमनच्या रबरी हातमोज्यांवर नावं रंगवली तर?
(तारतंत्री, दारव्हा)

नको. आयएस ४७७० च्या रबरी मोज्यांवर पेन, मार्कर, ऑइलपेंट, स्टिकर काहीच नको. तेलाचा अंश रबर मऊ करतो, आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी त्यातून करंट येतो. वापरण्याआधी मनगटाकडून मोजा गुंडाळत हवा कोंडून बोटं फुगतात का, कुठून हवा सुटल्याचा आवाज येतो का, हे रोज बघायचं. मोज्यावर नक्षी असेल तर ते भोक दिसणार नाही. हौस मोज्यांच्या कापडी पिशवीवर करा. तिच्यावर नाव, भरतकाम, टाके, हवं ते.

रिफ्लेक्टर जॅकेटवर मशीननं भरतकाम करून देतो. काही अडचण?
(शिलाई केंद्र, कारंजा लाड)

चंदेरी पट्टीवरून सुई नेऊ नका आणि पट्टी झाकू नका. रात्री गाडीच्या उजेडात तीच दिसते. हिरवा-केशरी भडक भाग दिवसा दिसण्यासाठी असतो, त्यावर मोठी नक्षी आली की माणूस दिसेनासा होतो. तळहाताएवढं भरतकाम, पाठीवर दोन पट्ट्यांच्या मध्ये, तेही घट्ट विणीचं. आरसे, झालर, सुटे गोंडे नकोत, ते मशीनच्या पट्ट्यात अडकतात. ही जॅकेटं पॉलिस्टरची असतात. वेल्डिंग करताना अंगात घातली तर ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतात, एवढं गिऱ्हाइकाला सांगा.

सजावट सगळे करतात, पण आमच्या डोक्यावर हेल्मेट बसतच नाही. खाली वाकलं की पडतं, अंबाड्यामुळे वर उचललं जातं. ठेकेदार म्हणतो, बायांचं डोकंच लहान. मग घालायचं कसं?
(गवंडी काम करणाऱ्या, समुद्रपूर)

ताई, तुमचं पत्र आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. तुमचं डोकं लहान नाही, हेल्मेट तुमच्या मापाला लावून दिलेलं नाही. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी रंगाच्या डब्याआधी मापाची टेप हातात घ्यावी.

भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवून माप घ्या, सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. विकत घेताना आतल्या पट्ट्याचं सर्वांत लहान माप विचारा, ते तुमच्या मापाच्या खाली आलं पाहिजे. स्वस्त हेल्मेटात मागं खाचांची पट्टी असते, एका खाचेत सैल आणि दुसरीत आवळ अशी गत होते. मागं चक्री असलेलं घ्या. चक्री फिरवली की हवं तिथं थांबवता येतं. पट्टा लावल्यावर कपाळ आणि पट्टा यांत एक बोट जेमतेम शिरावं. मान खाली घालून हळूच हलवा. हललं नाही तर बसलं. हनुवटीचा पट्टा शोभेचा नाही. वाकून काम, माडीवर काम, वारा असेल तेव्हा तो लावायचाच.

अंबाडा माथ्यावर किंवा मागच्या मध्यावर आला की हेल्मेट तिरकं बसतं. वेणी घाला किंवा मानेपाशी अगदी खाली अंबाडा बांधा, म्हणजे मागचा पट्टा त्याच्या वर बसतो. क्लचर, काटे, धातूच्या पिना काढून ठेवा. वरून वीट पडली तर मार आधी त्या क्लचरवर येतो आणि तो टाळूत घुसतो. उन्हासाठी डोक्याला पातळ सुती रुमाल एकपदरी चालतो, गाठ मात्र मानेखाली. पदराच्या तीन घड्यांवर हेल्मेट बसवू नका.

टोपलं आणि डोकं यांत जी पोकळी असते तीच दणका जिरवते. ती भरायची नाही. त्यात मोबाइल, पैशाची पुडी, खर्रा, रुमाल कोंबतात, बाया आणि बाप्ये दोघंही. ती पोकळी रिकामीच हवी.

पदर आणि ओढणीबद्दल तर लिहावंच लागतं. थ्रेशर, कडबा कुट्टी, मिक्सर यांच्या पट्ट्याजवळ ओढणी गळ्यात नको. पदर खोचून वरून बिनबाह्यांचं जाडं सुती जॅकेट किंवा शर्ट घाला. वायरिंग आणि वेल्डिंगच्या वेळी काचेच्या, धातूच्या बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवून डबीत ठेवा. सासूबाईंना पटत नसेल तर कामापुरतं काळ्या दोऱ्याचं घाला. यात धर्माचं काही बिघडत नाही.

ठेकेदाराला तुम्ही सगळ्याजणी मिळून मापांचा एकच कागद द्या: नाव, डोक्याचं माप, हाताच्या पंजाचं माप, पायाचा नंबर. हातमोजे मोठे झाले की बोटांची टोकं रिकामी राहतात आणि ती मशीनमध्ये ओढली जातात. बूट मोठे झाले की शिडीवर पाय घसरतो. सुरक्षा सप्ताहात साइटवर साहेब येतात, कागद त्यांच्यासमोर द्या आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

महिला दिनाच्या रॅलीत सजवलेली हेल्मेटं घालून स्कूटीवर जाऊ का?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, उमरेड)

नाही. कारखान्याचं हेल्मेट आयएस २९२५ चं, ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी. दुचाकीचं आयएस ४१५१ चं, त्याच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो, तो रस्त्यावर आपटण्यासाठी. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच विकावं लागतं. स्कूटीवर तेच घाला, पट्टा लावून. सजवलेली हेल्मेटं रॅलीत न्यायची तर बांबूला आडवी काठी बांधून त्यावर टांगा, किंवा बैलगाडीत पोत्यांवर मांडा. एकात एक कोंबू नका, वॉर्निश कच्चं असेल तर चिकटतात आणि सोडवताना नक्षी निघते. वॉर्निश मारल्यावर आठ दिवस जाऊ द्या, म्हणजे ८ तारखेच्या रॅलीसाठी शेवटचा हात फेब्रुवारी संपायच्या आत लागला पाहिजे.